बाबांची चावी काढून घ्यायची का?

प्रश्न : बाबा ७४ वर्षांचे. आई गेल्यापासून गाडी हाच त्यांचा विरंगुळा, सकाळी रंकाळा, रविवारी पन्हाळा आणि नातवाला क्लासला सोडायला पण हेच. हल्ली गाडीला डाव्या बाजूनं सारखे ओरखडे दिसतात, विचारलं की म्हणतात पार्किंगमध्ये कुणीतरी घासली. पुण्याचा भाऊ फोनवर सांगतो चावी लपवून ठेव. मला ते पटत नाही पण भीती पण वाटते. — एक मुलगी, राजारामपुरी

उत्तर : ताई, चावी लपवायचं आधी डोक्यातनं काढा. बाबा दुसरी चावी करून आणतील, तुमच्याशी अबोला धरतील ते वेगळंच. भावाला काय, फोनवरनं सांगायला काय जातंय!

ओरखडे सगळे डाव्या बाजूलाच आहेत हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. सारखी एकच बाजू घासतीय म्हणजे तिकडचं अंतर कळत नसेल किंवा तिकडचं नीट दिसतच नसेल. काचबिंदूत बाजूची नजर हळूहळू जाते, बहुतेकदा दुखत नाही, समोरचं स्पष्ट दिसत असतं त्यामुळं माणसाला पत्ताच लागत नाही आणि चष्म्याच्या दुकानात अक्षरं वाचून नंबर काढला तर तिथंही हे सापडत नाही. डोळ्याच्या डॉक्टरांकडं जाऊन डोळ्यातलं प्रेशर बघा, फील्ड टेस्ट म्हणजे बाजूच्या नजरेची तपासणी करून घ्या. मोतीबिंदू निघाला तर ऑपरेशननंतर बरेच जण परत गाडी चालवतात, म्हणून विषय काढताना ‘गाडी बंद’ म्हणू नका, ‘डोळे दाखवून येऊया’ म्हणा. जाताना गोळ्यांची पिशवी पण न्या. झोपेची गोळी, सर्दीची गोळी यानं गुंगी येते, आणि शुगरची औषधं चालू असतील तर गाडी चालवताना शुगर उतरणं हा खरा धोका आहे.

मग एकदा त्यांच्या शेजारी बसा, मागच्या सीटवर नाही. बिंदू चौक, महाद्वार रोडच्या बाजूला गर्दीच्या वेळी जाऊन या आणि चुका काढत बसू नका, नुसतं बघा. वळताना मान वळते का, का मान आखडल्यामुळं नुसते डोळेच फिरतात, पुढची रिक्षा थांबली की ब्रेक कधी लागतो, सिग्नल सुटल्यावर मागच्यांना हॉर्न द्यायला लागतो का. सगळ्यात सोपी खूण म्हणजे ब्रेक मारल्यासारखा तुमचाच पाय सारखा खाली दाबला जातो का ते बघा. रोजच्या रस्त्यावर वाट चुकली किंवा ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पाय गेला तर मात्र वाट बघायची नाही, त्याच दिवशी गाडी थांबवा आणि डॉक्टर गाठा.

नातवाला सोडणं आजपासून बंद, यात माझं दुमत नाही. रात्रीचं आणि पन्हाळ्याचा घाट पण तपासणी होईपर्यंत नको. सकाळचा रंकाळा डॉक्टर हो म्हणाले तर चालू राहू दे की!

सांगायचं कुणी हा खरा प्रश्न. पोरीनं सांगितलेलं आपल्याकडं बापाला रुचत नाही, तेच गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरचा जुना दोस्त म्हणाला की ऐकतील, नाहीतर डॉक्टरांना आधी फोन करून त्यांच्या तोंडनं वदवा. आणि गाडी सुटली तर बाबा जाणार कशानं ते आधी ठरवा, नुसतं ‘घरी बसा’ म्हटलं तर माणूस खचतो. ओळखीचा रिक्षावाला महिन्यावर लावता येतो, गाडीचा इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, पेट्रोल धरलं तर फार महाग पडत नाही. एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आहे आणि ७५ पूर्ण झाली की २०२२ पासून प्रवास फुकट, म्हणजे पन्हाळा काही सुटत नाही. ही सवलत एसटीची, शहरातल्या केएमटी बसमध्ये ती चालत नाही.

प्रश्न : मी ६८ वर्षांचा, लायसन्स संपत आलंय. मुलगा म्हणतो या वयात आता देतच नाहीत. खरं आहे का? — एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : काका, मुलगा फेकतोय! आपल्या कायद्यात लायसन्सला वयाची वरची मर्यादा नाही. पंचावन्नच्या पुढं फक्त एका वेळी ५ वर्षांचं मिळतं. अर्ज मुदत संपायच्या आधी एक वर्षापर्यंत करता येतो, संपल्यावरही वर्षभर चालतो, त्यापुढं गेलात तर परत टेस्ट द्यायला लागते. पण म्हणून संपलेलं लायसन्स घेऊन फिरू नका, अपघात झाला तर इन्शुरन्सवाले तिथंच बोट ठेवतात. डॉक्टरांचा फॉर्म १ए, म्हणजे तब्येतीचा दाखला, लागेल, ओळखीचे आहेत म्हणून न तपासता नुसती सही घेऊन येऊ नका, तेवढ्यात बीपी, शुगर, डोळे बघून होतात. संध्याकाळी समोरच्या गाडीचा लाईट डोळ्यावर येऊन काही सुचेनासं होत असेल तर तेही त्यांना सांगा, मुलाला नाही सांगितलं तरी चालेल.