आखलेला वळसा अर्धा करा, मगच मासे मिळतील

तुम्ही विचारलंय की जूनअखेरीस सहा मित्र तीन कनू (वल्ह्यांनी चालवायच्या अरुंद होड्या) घेऊन अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या बाउंडरी वॉटर्स या तळ्यांच्या राखीव रानात चार रात्री राहणार आहात, नकाशावर 60 किलोमीटरचा वळसा आखलाय आणि वाटेत मासेमारीही करायची आहे, तर हे जमेल का. वळसा पूर्ण होईल, पण मासेमारी होणार नाही. आमची पहिली खेप अशीच गेली होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नकाशावर तळ्यांची लांबी दिसते, पोर्टेजचे कष्ट दिसत नाहीत. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना कनू आणि सगळं सामान खांद्यावरून न्यायचं, ती पायवाट म्हणजे पोर्टेज. तिथे ही वाट रॉडमध्ये मोजतात. एक रॉड साडेसोळा फुटांचा, म्हणजे जवळपास एका कनूएवढा. 100 रॉड म्हणजे साधारण 500 मीटर, ऐकायला काहीच नाही. पण सामान एका खेपेत जात नाही. पहिली खेप टाकायची, रिकाम्या हाताने परत यायचं, दुसरी खेप न्यायची. झाले दीड किलोमीटर, तेही दगड, मुळं आणि चिखलातून, डोक्यावर कनू आणि कानाशी डास. अशी दिवसाला तीन पोर्टेज आली की संध्याकाळी गळ बांधायचीही इच्छा उरत नाही. सामान कमी करून एका खेपेत काम उरकलं तर तेच अंतर एक तृतीयांश होतं. म्हणून घरीच सगळं बांधून, पाठीवर घेऊन थोडं चालून बघा.

दुसरी गोष्ट वाऱ्याची, आणि ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सकाळी आरशासारखं असलेलं मोठं तळं दुपारपर्यंत खवळू शकतं. आमच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास, ठरलेला मुक्काम गाठायचा म्हणून आम्ही उघडं पाणी ओलांडायला घेतलं. मागची कनू लाटांना आडवी झाली आणि तिच्यात पाणी शिरू लागलं. तिच्यातले दोघे त्या दिवशी पहिल्यांदाच एकत्र एका कनूत बसलेले होते. कसेबसे सगळे एका बेटाच्या आडोशाला लागलो आणि वारा पडेपर्यंत चार तास तिथेच बसून राहिलो. तेव्हाची भीती मी विसरलेलो नाही. आता आम्ही पहाटे निघतो, किनारा धरून जातो आणि दुपारी एकच्या आत थांबतो. प्रत्येक कनूत मागे सराव असलेला माणूस बसतो, कारण दिशा मागूनच सांभाळली जाते. लाइफ जॅकेट अंगावरच हवं, पायाशी ठेवलेलं उपयोगाचं नाही. लाटा वाढल्या की बाकावरून उतरून गुडघ्यांवर बसा.

लवकर थांबण्याचं आणखी एक कारण आहे. मुक्काम फक्त ठरवून दिलेल्या जागांवरच करता येतो. तिथे लोखंडी जाळीची चूल आणि मागे झाडीत शौचालय असतं. पण जागा राखून ठेवता येत नाही, आधी येईल त्याची.

म्हणून माझं सांगणं असं की पहिल्या दिवशी दोन-तीन पोर्टेज पार करून एक चांगली जागा धरा आणि निदान दोन रात्री तिथेच राहा. मग रिकाम्या, हलक्या कनूतून आसपासची तळी पालथी घाला. त्या दिवसांत सूर्य नऊच्या सुमारास मावळतो आणि वॉलआय मासा तेव्हाच उथळ पाण्यात खायला येतो. अंधुक उजेडात त्याचे डोळे बाकीच्या माशांपेक्षा चांगलं बघतात. छोट्या जिगला (वजन जडवलेल्या गळाला) जिवंत जळू लावून तळाच्या खडकांलगत हळूहळू ओढा. नॉर्दर्न पाइक माशाचे दात साधा दोर कापतात, तेव्हा पुढे धातूचा लीडर, म्हणजे गळाआधीचा तारेचा तुकडा, लावा. स्मॉलमाउथ बास मासा खडकाळ काठाशी सापडतो आणि लढतोही सुंदर. शिशाची वजनं मात्र नेऊ नका. पाण्यात तुटून पडलेलं शिसं लून पक्षी गिळतात आणि मरतात, आणि रात्री त्यांची हाक ऐकल्यावर ते करवत नाही.

मासे साफ केल्यावर उरलेला भाग किनारा आणि मुक्कामापासून निदान 200 फूट दूर नेऊन मातीखाली झाका. तिथे काळी अस्वलं आहेत. खाणं अस्वलरोधक डब्यात ठेवा किंवा जमिनीपासून 12 फूट उंच आणि खोडापासून 6 फूट लांब टांगा. पाणी उकळून किंवा गाळून प्या.

परवान्याचं आत्ताच बघा. 1 मे ते 30 सप्टेंबर रोजच्या प्रवेशांना मर्यादा असते, आणि परवान्यावरच्या तारखेला त्याच ठिकाणाहून आत जावं लागतं. एका गटात जास्तीत जास्त 9 माणसं आणि 4 कनू चालतात, त्यामुळे तुम्ही बसता. पण आत दुसऱ्या ओळखीच्या गटाला भेटून 10 झालात, अगदी पोर्टेजवरही, तर नियम मोडतो. खाण्यापिण्याचे टिनचे डबे आणि काचेच्या बाटल्या नेता येत नाहीत. वय 16 किंवा जास्त असेल तर मासेमारीचा परवाना प्रत्येकाचा वेगळा.

कुठल्या प्रवेशद्वाराचा परवाना मिळाला ते कळवा, म्हणजे त्या बाजूची कोणती पोर्टेज टाळावीत ते सांगतो.