मॅकडोनल्ड्सचा साधा चीजबर्गर घरी करायचाय? आधी एवढं कर

अरे सिक्रेट सॉस वगैरे सोड, या बर्गरमध्ये केचप, मस्टर्ड आणि पिकल (व्हिनेगरमधल्या काकडीच्या चकत्या) एवढंच घालतात. खरी चव कांद्याची, आणि तो ताजा चिरू नकोस, अमेरिकन ग्रोसरीत बाटलीत सुका बारीक कांदा मिळतो तो पाण्यात भिजवून निथळून घे, वास आला की कळेलच तुला.

नवीन लोक हमखास इथे चुकतात:
- पॅटी जाड करतात. 45 ग्रॅमच घे, बनपेक्षा मोठी आणि एकदम पातळ थाप कारण ती आकसते. खिमा 80/20 चा (80% मांस, 20% चरबी), लीन म्हणजे कमी चरबीचा घेतलास तर कोरडं होणार.
- मीठ खिम्यात मळतात, मग चिवट लागतं. तव्यावर टाकल्यावरच मीठ-मिरी.
- बन भाजतच नाहीत!

झाला की कागदात गुंडाळून दोनेक मिनिटं ठेव, वाफेने बन मऊ पडतो. बिग मॅकचं नंतर बघू.