११ जुलैचा निबंध बदल

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. बीड जिल्ह्यातल्या शाळेत रुजू झालास न झालास तोच लोकसंख्या दिनाचा कार्यक्रम तुझ्या गळ्यात पडला, आणि निबंधाचा विषय ठरलाय 'लोकसंख्येचा भस्मासुर'. मुख्याध्यापकांना विनंती करून तो बदलून घे. तुझ्या वर्गात कुणाचं तरी चौथं, पाचवं भावंड बसलेलं असणार. आपण जन्मलो हेच देशावरचं संकट, असं त्या लेकराला शाळेनं का लिहायला लावावं?

शिवाय हा विषय वस्तुस्थितीला धरूनही नाही. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात एका स्त्रीमागे सरासरी ३.४ मुलं होती. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा २.० वर आला, महाराष्ट्रात तर १.७ वर. मग लोकसंख्या वाढतेय कशी, असं पोरं विचारतील आणि त्यांनी विचारायलाच हवं. आधीच्या पिढ्यांत मुलं जास्त झाली, म्हणून आज आईबाप होण्याच्या वयातली माणसंच खूप आहेत. प्रत्येक जोडप्याला दोनच मुलं झाली तरी एकूण आकडा काही दशकं चढताच राहणार. संयुक्त राष्ट्रांचा अंदाज २०६० च्या आसपासपर्यंतचा आहे.

हे भाषणातून कळत नाही, फळ्यावर कळतं. दोन आडव्या रेघा मार, दोन्ही ७२ वर्षांच्या. पहिल्या घरात प्रत्येक मुलगी १८ व्या वर्षी आई होते, दुसऱ्या घरात २४ व्या. पोरांना खडू दे आणि प्रत्येक बाळंतपणाला खूण करायला सांग. पहिल्या रेघेवर १८, ३६, ५४, ७२ अशा चार खुणा येतात, दुसरीवर २४, ४८, ७२ अशा तीनच. दोन्हीकडे प्रत्येकीला मुलं तेवढीच, तरी एका घरात एक अख्खी पिढी जास्त. मग कुणीतरी मागच्या बाकावरून म्हणतंच, "म्हणजे लग्न उशिरा केलं तरी फरक पडतो." ते वाक्य त्यांच्या तोंडून येऊ दे, तू म्हणू नकोस.

आता तुझ्या गावाकडे बघ. बीडमध्ये २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं २०१९-२१ च्या त्याच पाहणीत दिसलं. आईबापांना अडाणी म्हणून मोकळं होऊ नकोस. ही माणसं दरवर्षी ऊसतोडीला जातात. मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडप्याला, दोघं मिळून एक कोयता. एकट्या पोराचा अर्धा कोयता धरतात, म्हणून त्याच्या लग्नाची घाई. आणि वयात आलेल्या पोरीला पाच-सहा महिने गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? उसाच्या फडावर न्यावी तर तिथल्या कोपीला, म्हणजे झोपडीला, धड दार नसतं. बाप रात्ररात्र हाच विचार करतो आणि दिवाळीआधी पोरगी उजवून टाकतो. छोट्या कुटुंबाचं पोस्टर या माणसाला काय सांगणार?

जबरदस्तीचा मार्ग आपण बघून झालोय. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. शिक्षकांनासुद्धा 'केसेस' आणायचं टार्गेट असायचं. गावातले म्हातारे ते विसरलेले नाहीत, म्हणून तुझ्याकडे संशयानं बघतील. महाराष्ट्र विधिमंडळानं तर त्या वर्षी सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं. ते अमलात आलं नाही, हे आपलं नशीब. त्या धाकानं पुरुष जे दूर गेले ते गेलेच. आज १०० विवाहित स्त्रियांमागे सुमारे ३८ जणींची शस्त्रक्रिया झालेली असते, आणि नवऱ्यानं करून घेतलेली जोडपी हजारात तीन. पुरुषाची शस्त्रक्रिया बिनटाक्याची, कितीतरी सोपी, तरी पोट कापून घ्यायचं बाईनंच. मला याचा फार राग येतो, आणि तुझ्या वर्गातल्या मुलग्यांनाही हे कळलं पाहिजे. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी प्राध्यापकाची नोकरी गमावली. शंभर वर्षं उलटली, तरी आपण हा विषय निम्म्या वर्गापुढेच बोलतो. मुलींना वेगळं बसवू नकोस.

बांगलादेशात १९७० च्या दशकात एका स्त्रीमागे सहाहून जास्त मुलं होती, आता दोनच्या आसपास आहेत. सक्तीचा कायदा न करता. कार्यकर्त्या दारोदार गेल्या, बायकांशी बोलल्या, साधनं हातात दिली. पुढे गावाकडच्या मुलींना माध्यमिक शाळेसाठी विद्यावेतन मिळालं. भाषणात एखादा परदेश हवाच असेल तर हा सांग.

आणि ११ जुलैनंतरचं काम आत्तापासून धर. आईबाप ऊसतोडीला गेले की मुलांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाची यादी वेळेत गेली नाही तर पोरी आईबापाबरोबर फडावर जातात. सातवीच्या पुढच्या प्रत्येक मुलीच्या घरी दसऱ्याच्या आधी जाऊन ये, आजी मागे राहणार आहे का ते विचार. कुठे साखरपुड्याची कुणकुण लागली तर एकट्यानं भांडायला जाऊ नकोस. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, त्यांना आणि अंगणवाडीताईंना सोबत घे. नाहीतर मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ या क्रमांकाला फोन कर, तिथे नाव गुप्त ठेवतात. यादी झाली की मला कळव. जागा कमी पडल्या तर जिल्हा परिषदेकडे करायचा अर्ज आपण मिळून लिहू.

तुझी,
बाई