मियाटा कोरी घ्यावी की बॉक्सस्टर जुनी? (वाचकांचे प्रश्न, गाड्यांची उत्तरं)

प्रश्न: नमस्कार दादा, मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असतो, आयटीत आहे. उघड्या टपाची दोन सीटची गाडी घ्यायची कॉलेजपासूनची हौस आहे आणि आता बायकोने एकदाचं हो म्हटलंय. बजेट चाळीस हजार डॉलर, थोडं वर-खाली चालेल. एवढ्यात माझदाची मियाटा शोरूममधून कोरी निघते, आणि साधारण त्याच पैशात २०१३-१४ची पोर्शे बॉक्सस्टर जुनी मिळतेय. ऑफिसातले सगळे म्हणतात पोर्शे ती पोर्शे, मियाटा काय खेळण्यातली गाडी. रोज ऑफिसला जायला वेगळी गाडी आहे. काय करू?

उत्तर: आधी ऑफिसातल्यांना बाजूला ठेवा, हप्ता त्यांना भरायचा नाहीये.

आता कागदावर बघाल तर मियाटा हरतेच. दोन लिटरचं चार सिलिंडर इंजिन, १८१ हॉर्सपॉवर, टर्बो नाही काही नाही. तुम्ही म्हणताय ती बॉक्सस्टर म्हणजे ९८१ मॉडेल, तिच्यात २.७ लिटरचं, सहा आडव्या सिलिंडरचं इंजिन, २६५ हॉर्सपॉवर, एस घेतली तर ३.४ लिटर आणि ३१५. शिवाय इंजिन सीटच्या मागे, गाडीच्या मधोमध, त्यामुळे वळणात ती जशी बसते तशी भल्याभल्या गाड्या बसत नाहीत. आणि तो सहा सिलिंडरचा आवाज तर काय सांगावा, २०१६मध्ये आलेल्या पुढच्या पिढीच्या बॉक्सस्टरमध्ये, म्हणजे ७१८मध्ये, पोर्शेने बेसिक आणि एस दोन्हींना चार सिलिंडर टर्बो बसवला तेव्हा लोकांनी आवाजावरूनच बोंब मारली होती, म्हणून तर ९८१ला आजही भाव आहे.

पण ही ताकद वापरणार कुठे? तुमच्या घरापासून जवळचा मजेचा रस्ता म्हणजे साराटोगावरून हायवे ९ने वर डोंगरमाथ्यावरच्या स्कायलाइन रस्त्याला चढायचं, बरोबर ना. तिथे एका मागोमाग एक वळणं, झाडीमुळे पुढचं दिसत नाही, सायकलवाले असतात, आणि शनिवार-रविवारी पोलीसही असतात. मियाटा सेकंड गिअरमध्ये रेडलाइनपर्यंत, म्हणजे साडेसात हजार आरपीएमपर्यंत खेचली तरी जेमतेम साठ मैलांच्या आसपास पोचते. बॉक्सस्टर मॅन्युअलमध्ये तोच सेकंड गिअर सत्तरच्या चांगलाच पुढे जातो, म्हणजे गिअर पूर्ण वापरायच्या आधीच तुम्ही लायसन्स घालवायच्या बेतात असता. मियाटात तुम्ही गिअर टाकत राहता, इंजिन ओरडत असतं, सगळी गाडी पिळून काढल्यासारखं वाटतं आणि मीटर बघाल तर आकडा सभ्य. मियाटाचं वजन एक हजार सत्तर किलोच्या आसपास आहे, बॉक्सस्टर तेराशेच्या पुढे, हा अडीचशे किलोचा फरक स्टिअरिंग वळवलं की पहिल्याच वळणात कळतो. अर्थात मियाटा वळणात बरीच कलते, काहींना आवडतं काहींना पोटात गोळा येतो, त्यांनी क्लब नावाची ट्रिम मॅन्युअल गिअरमध्ये घ्यावी, तिच्यात बिल्स्टाइनचे शॉक असतात आणि लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांत ताकद नीट वाटून देणारी जोडणी, मिळते.

आता खरा मुद्दा. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, पार्ट्सची उतरत नाही. ती बॉक्सस्टर नवी असताना पन्नास हजार डॉलरला सुरू व्हायची, ऑप्शन टाकले की सहज साठ ओलांडायची, तुम्हाला चाळीसला मिळतेय म्हणून ब्रेक डिस्क काही चाळीसच्या हिशोबाने मिळणार नाहीत. टायर घ्या साधे. बॉक्सस्टरचे पुढचे आणि मागचे वेगळ्या साइजचे, म्हणजे पुढचे मागे टाकून झीज सारखी करायची सोय नाही, मागचे लवकर संपतात, आणि पोर्शेच्या मान्यतेचा एन मार्कवाला टायर घ्यायचा तर खिसा अजून हलका. मियाटाचे चारही सारखे, छोटे, कुठेही मिळतात. बॉक्सस्टरचं बॉनेट उघडाल तर आत डिकी आहे, मागचं झाकण उघडाल तर तिथेही डिकी, आणि तिथेच ऑइल आणि कूलंट ओतायची दोन तोंडं, बाकी इंजिन नावाची वस्तू डोळ्याला दिसत नाही. डिपस्टिकसुद्धा नाही, ऑइलची लेव्हल स्क्रीनवर बघायची. छोटंमोठं काम घरी करायची तुम्हाला आवड असेल तर ही गाडी तुम्हाला रडवेल.

तरी बॉक्सस्टरच मनात भरली असेल तर दोन गोष्टी करा. एक, स्वस्त दिसतेय म्हणून २००८ किंवा त्याआधीच्या मॉडेलकडे जाऊ नका, त्या इंजिनांमध्ये आयएमएस, म्हणजे इंटरमीडिएट शाफ्टच्या, बेअरिंगचा प्रसिद्ध रोग आहे, ते गेलं तर इंजिनच जातं. २००९पासून इंजिन बदललं, त्यात ती शाफ्टच नाही, तुमच्या २०१३च्या गाडीला ती भीती नाही. दोन, पैसे द्यायच्या आधी पोर्शेचंच काम करणाऱ्या बाहेरच्या गॅरेजमध्ये तपासणी करून घ्या आणि ओव्हर-रेव्ह रिपोर्ट मागा. गाडीच्या कंप्युटरमध्ये इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरलं याची नोंद सहा टप्प्यांत राहते, चौथ्याच्या वर आकडे असले आणि ते अलीकडचे असले तर आधीच्या मालकाने पाचवा गिअर टाकायला जाऊन चुकून तिसरा टाकलेला असू शकतो. विकणारा तपासणीला कां कूं करायला लागला की तिथूनच नमस्कार करून निघायचं.

मियाटाची गैरसोय पण सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी बोलतो. हायवेला सत्तरच्या स्पीडला एवढा आवाज असतो की शेजारच्याशी गप्पा मारायच्या तर आवाज चढवावा लागतो. ग्लव्हबॉक्स नाहीच, कागदपत्रं दोन सीटच्या मध्ये मागे जो छोटा कप्पा आहे त्यात, कपहोल्डर कोपराच्या मागे, म्हणजे कॉफी घ्यायला खांदा वाकडा करायचा. उंची सहा फूट असेल तर गुडघे आणि डोकं दोन्हीकडे विचार करावा लागतो, शोरूममध्ये पाच मिनिटं बसून ठरवू नका, छप्पर लावून तास-अर्धा तास चालवा. छप्पर मात्र झकास, आरशाजवळचं एक हँडल सोडायचं आणि बसल्या जागी एका हाताने मागे फेकायचं, सिग्नल हिरवा व्हायच्या आत काम झालेलं असतं. बॉक्सस्टरचं मोटरवर चालतं, तीस मैलांच्या स्पीडपर्यंत चालत्या गाडीतही उघडतं, पण ती मोटर दहा-बारा वर्षं जुनी आहे हेही लक्षात ठेवा.

तुमचं जाणंयेणं जास्त करून एलएपर्यंतच्या लांब हायवेचं असेल आणि गाडीच्या किमतीवर पाच-सहा हजार डॉलर वेगळे बाजूला ठेवायची तयारी असेल तर बॉक्सस्टर घ्या, सुख आहे. चाळीस म्हणजे चाळीसच असतील तर मियाटा. तीन वर्षं किंवा ३६ हजार मैल कंपनीची वॉरंटी, इंजिन-गिअरबॉक्सला पाच वर्षं किंवा ६० हजार मैल. इन्शुरन्सचं कोटेशन मात्र दोन्हींचं आधी काढा.

प्रश्न: दादा, माझ्या मिस्टरांनी पण मियाटाचं खूळ डोक्यात घेतलंय. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला असतो, मुलगी चार वर्षांची. ते म्हणतात मुलीला पुढे बसवू. डिकीत काय मावतं? आणि बर्फात चालते का?

उत्तर: वहिनी, मुलीची सीट पुढे लावायची कल्पना सोडूनच द्या, चार वर्षांच्या पोराची जागा मागच्या सीटवर. डिकीत केबिनमध्ये नेतात तशा दोन छोट्या बॅगा मावतात, त्यासुद्धा मऊ असतील तर. इंडियन स्टोअरमधला तांदळाचा कट्टा गेला की भाजी मांडीवर.

मिस्टरांना टोयोटा जीआर८६ दाखवा. सुबारू बीआरझेड म्हणून विकतात ती हीच, दोन्ही सुबारूच्याच कारखान्यात बनतात. २.४ लिटर, २२८ हॉर्सपॉवर, रिअर व्हील ड्राइव्ह, मॅन्युअल मिळते आणि किंमत मियाटाच्याच पट्टीत. छप्पर उघडत नाही पण मागे दोन सीट आहेत. सीट म्हणायच्या एवढंच, मुलीची सीट बसते पण तिच्यापुढचं पुढचं सीट चांगलंच पुढे सरकवावं लागतं, म्हणजे तुम्ही डॅशबोर्डला नाक लावून बसणार.

बर्फाचं म्हणाल तर गाडीपेक्षा टायर बघा. वरच्या ट्रिमवर समर टायर येतात, त्यांचं रबर ४५ फॅरनहाइटच्या खाली कडक होतं, मग बर्फ नसला तरी पकड नाही. विंटर टायरचा वेगळा सेट घेऊन ठेवायला हवा, तो ठेवायला गॅरेजमध्ये जागा आहे का तेही मिस्टरांना विचारा.

प्रश्न: काका, मी पुण्यात असतो. मामा अमेरिकेतून कायमचा परत येतोय, त्याची मियाटा इकडे आणता येईल का? नाहीतर इथे असं काय मिळतं?

उत्तर: नाही आणता येणार. जुनी गाडी आणायची तर स्टिअरिंग उजव्या बाजूला हवं, मामाच्या गाडीचं डावीकडे. उजवं असतं तरी ड्यूटी भरून मामा घामाघूम झाला असता. माझदा भारतात गाड्या विकतच नाही. ७१८ बॉक्सस्टर इथे दीड कोटीच्या आसपास होती एक्स-शोरूम, आणि २०२५मध्ये पेट्रोल ७१८चं प्रॉडक्शनच थांबलं. मामाला म्हणावं गाडी तिकडेच चांगल्या भावात विक, जुन्या मॅन्युअल मियाटाला तिकडे गिऱ्हाईक लगेच मिळतं. आणि तुला खरंच वळणं घ्यायची असतील तर मॅन्युअल गिअरची हलकी हॅचबॅक घे, चांगले टायर टाक आणि पावसाळा संपला की ताम्हिणीत जा, फक्त सकाळी लवकर, गर्दीच्या आधी, धुकं नसेल तेव्हा, आणि आंधळ्या वळणावर ओव्हरटेक करू नकोस.