ॲलन डॉसन कोण होते, आणि ड्रम शिकणाऱ्याला त्यांचा काय उपयोग?

तुम्ही विचारलंय की नाशिकमध्ये ड्रम शिकताय, ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या ग्रेड परीक्षेची तयारी चालू आहे आणि सर सारखं ‘डॉसनचं रिच्युअल, डॉसनचं रिच्युअल’ करतात. तर हा डॉसन कोण? मी ढोल-ताशाच्या पथकातून ड्रमसेटकडे आलोय, आता थोडंफार शिकवतोही, म्हणून सांगतो.

ॲलन डॉसन हे अमेरिकन जॅझ ड्रमर आणि शिक्षक. प्रसिद्ध ड्रमर टोनी विल्यम्सचे गुरू, ही त्यांची सगळीकडे सापडणारी ओळख. ती खरीच आहे. टोनी बॉस्टनमध्ये वाढला, पोरवयात डॉसन यांच्याकडे शिकला आणि १९६३ मध्ये, सतराव्या वर्षी, ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या बँडमध्ये गेला. पण चेला एवढा गाजला की गुरूचं वाजवणं ऐकायची तसदी कुणी घेत नाही, याचा मला राग येतो.

डॉसन यांचा जन्म १९२९ चा, पेनसिल्व्हेनियातल्या मारिएटाचा. वाढले बॉस्टनच्या रॉक्सबरी भागात. काही काळ लष्कराच्या डान्स बँडमध्ये वाजवलं, मग १९५३ मध्ये लायोनेल हॅम्प्टनच्या बँडबरोबर युरोपचा दौरा केला. क्लिफर्ड ब्राउन, आर्ट फार्मर, क्विन्सी जोन्स ही मंडळी त्याच बँडमध्ये होती. डॉसन मात्र बॉस्टनला परतले आणि तिथेच राहिले. जॅझवाल्यानं न्यू यॉर्कला न जाणं म्हणजे मराठी नटानं मुंबई-पुणं सोडून नाशकात राहण्यासारखं आहे. काम मिळतं, पण नाव व्हायला वेळ लागतो.

काम त्यांना भरपूर मिळालं. १९५७ पासून पुढची अठरा वर्षं ते बॉस्टनच्या बर्कली या संगीत महाविद्यालयात शिकवत होते. साठच्या दशकात बॉस्टनजवळच्या ‘लेनीज ऑन द टर्नपाइक’ या क्लबात ते घरचे ड्रमर होते. बाहेरून येणाऱ्या मोठमोठ्या वादकांना तिथे साथ करायची. ज्या मुलाला सकाळी धडा दिला त्यानं रात्री येऊन सरांना खरंच ते जमतं का बघावं, अशी सोय कितीशा शिक्षकांकडे असते? ऐकायचं असेल तर सॅक्सोफोनवादक बुकर अर्विनचा ‘द फ्रीडम बुक’ शोधा. पियानोवर जॅकी बायर्ड, बासवर रिचर्ड डेव्हिस. एवढं वेगात, तरी कुठेही धसमुसळेपणा नाही. १९६८ मध्ये पियानोवादक डेव्ह ब्रूबेक यांच्या बँडमध्ये त्यांनी ड्रमर जो मोरेलोची जागा घेतली. (ब्रूबेक १९५८ मध्ये भारतात येऊन गेले होते, पण तेव्हा ड्रमवर मोरेलो होता. आपलं नशीब.) १९७५ मध्ये पाठीच्या मणक्याच्या दुखण्यानं बर्कली सुटलं, मग बॉस्टनजवळच्या लेक्सिंग्टनच्या घरी शिकवत राहिले. टेरी लिन कॅरिंग्टन, स्टीव्ह स्मिथ हे नावाजलेले ड्रमर त्यांचेच विद्यार्थी. २३ फेब्रुवारी १९९६ ला ल्युकेमियानं गेले. बरोबर वर्षानं, त्याच तारखेला, टोनीही गेला.

आता तुमच्या कामाचं. टेड रीडचं ‘सिंकोपेशन’ हे पातळसं पुस्तक तुमच्याकडे असेलच. डॉसन त्यातली खालची बास ड्रमची ओळ सोडून द्यायचे आणि वरची ओळ एखाद्या गाण्याची चाल असावी तशी वापरायचे. उजवा हात राइडवर (मोठ्या झांजेवर) स्विंग धरतो, डावा पाय हाय-हॅटवर (पायानं मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर) दुसरी आणि चौथी मात्रा दाबतो, आणि ती ओळ आधी फक्त स्नेअरवर, म्हणजे समोरच्या छोट्या ड्रमवर. मग तीच फक्त बास ड्रमवर. मग छोटे स्वर स्नेअरला, लांब स्वर बासला. मग मधल्या रिकाम्या जागा डाव्या हातानं ट्रिपलेटनी भरायच्या. पान तेच, पण महिनाभर पुरतं. नवीन पुस्तकं गोळा करणाऱ्या मुलांना मी हे मुद्दाम करायला लावतो.

रिच्युअल म्हणजे ऐंशीच्या आसपास रूडिमेंट्स (काठ्यांचे मूळ बोल) एका ओळीत, चार-चार बार, न थांबता आणि पाठ. खाली पाय सांबा या ब्राझिलियन तालाचा पॅटर्न धरून असतात. तुमचे सर हे वेगासाठी करून घेत असतील तर माझं मत वेगळं आहे. सगळी गोष्ट पुढच्या टप्प्यात आहे: सोलो वाजवताना डॉसन गाण्याची चाल तोंडानं म्हणायला लावायचे. बत्तीस बारचं गाणं असेल तर बत्तिसावा बार संपताना तुम्हीही तिथेच हवेत. चाल चुकली की कळलंच, ड्रमर हरवला. ते स्वतः व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचं सुरेल वाद्य) वाजवत, धड्यात विद्यार्थ्याला त्यावर साथ करत. म्हणजे ड्रमरला गाण्यातून पळवाट नाही.

तबला शिकलेल्याला यात नवल वाटणार नाही. लेहरा, म्हणजे पुन्हापुन्हा फिरणारी चाल, चालू असतो, तुम्ही काय वाट्टेल ते करा, समेवर या. पण पथकातून आलेल्या माझ्यासारख्याला ते अवघड गेलं. ताशावाल्याचा हात सुंदर असतो, त्याचा रोल ऐकून कुणीही थबकेल. पण त्याला टोल्याचा इशारा आला की बदलायची सवय असते, चाल मनात धरून मोजायची नसते. नाशकातल्या बऱ्याच चांगल्या ड्रमर्सचं जॅझमध्ये इथेच अडतं, हातात कधीच नाही.

म्हणून सुरुवात पाठ असलेल्या कुठल्याही गाण्यापासून करा, मराठी भावगीत चालेल, फक्त चार मात्रांचं घ्या. राइड आणि हाय-हॅट धरून ते मोठ्यानं म्हणा. हे जमल्यावर डावा हात. रूडिमेंट्स मात्र ब्रशनं (काठीऐवजी वापरायच्या तारांच्या झुपक्यानं) करा. डॉसनही ब्रशचा आग्रह धरत, कारण काठीसारखी उसळी मिळत नाही आणि मनगटाला खरं काम करावं लागतं. शिवाय इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये रात्री दहा वाजता खालच्या काकूही वर येत नाहीत.