सर्व्हरचे नेटवर्क कार्ड बदलण्याआधी काय तपासावे?
आपल्या लिनक्स सर्व्हरचे नेटवर्क दिवसातून दोन-तीनदा तुटते, कधी आपोआप पूर्ववत होते तर कधी रीबूट करावे लागते, तेव्हा कार्ड बदलावे का, असे आपण विचारले आहे. इतक्यात बदलू नये, असे माझे मत आहे. पुढच्या वेळी नेटवर्क तुटेल तेव्हा रीबूट करण्याचा मोहही आवरावा, कारण रीबूटनंतर त्रुटींचे काउंटर शून्यावर येतात आणि हाती असलेला पुरावा नाहीसा होतो.

नेटवर्क तुटलेले असतानाच कन्सोलवरून, म्हणजे सर्व्हरच्या थेट पडद्यावरून, 'डीमेसेज' (dmesg) ही कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, संदेश दाखवणारी आज्ञा देऊन पाहावी. लिंक 'डाउन' आणि 'अप' झाल्याच्या ओळी आलटून पालटून दिसत असतील, तर पहिला संशय केबल, स्विचचा पोर्ट किंवा ऑप्टिकल मॉड्यूल यांवर घ्यावा. 'नेटडेव्ह वॉचडॉग'ची ओळ आणि तिच्यासोबत 'ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट' असा मजकूर असेल, तर पाठवण्यासाठी दिलेली पॅकेट कार्डाकडून ठरलेल्या वेळेत बाहेर गेली नाहीत, असा त्याचा अर्थ होतो. तेव्हा ड्रायव्हरचे (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामचे) मॉड्यूल काढून पुन्हा लोड करावे, आणि तेवढ्याने काम सुरू झाले तर कर्नल व फर्मवेअर (कार्डातले अंगभूत सॉफ्टवेअर) अद्ययावत करून पाहावे. 'एलएसपीसीआय' (lspci) या आज्ञेने दिसणाऱ्या, सर्व्हरला जोडलेल्या कार्डांच्या यादीतून कार्डच नाहीसे झाले असेल, तर मात्र दोष स्लॉटचा, वीजपुरवठ्याचा किंवा खरोखरच कार्डाचा असतो.

'इथटूल' (ethtool) या नेटवर्क कार्डाची माहिती देणाऱ्या आज्ञेच्या आकडेवारीत सीआरसी त्रुटी (पडताळणीची बेरीज न जुळणे) वाढत असतील, तर फ्रेम, म्हणजे माहितीचे तुकडे, वाटेत खराब होत आहेत. केवळ 'मिस्ड'चा, म्हणजे आलेल्या पण घेता न आलेल्या पॅकेटचा, आकडा वाढत असेल, तर बहुधा रिंग बफर (पॅकेट तात्पुरती ठेवण्याची जागा) अपुरा पडतो आहे, आणि तो 'इथटूल'नेच वाढवता येतो.

'इथटूल'मधला वेगही अवश्य पाहावा. एका सर्व्हरवर मी दोन कार्डे बदलली, तरी लिंक 1000 ऐवजी 100 मेगाबिटवरच येत राहिली. गिगाबिटला तांब्याच्या केबलमधील चारही जोड्या लागतात, 100 मेगाबिटला दोन पुरतात, आणि त्या केबलमधली एक तार तुटलेली होती. दोन्ही कार्डे निर्दोष होती, हे सांगताना आजही संकोच वाटतो.

इतके करूनही कार्ड बदलावेच लागले, तर नव्या कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) वेगळा असेल आणि इंटरफेसचे नावही (लिनक्सने कार्डाला दिलेले नाव) बदलू शकेल. म्हणून नेटवर्कच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये जुना पत्ता किंवा नाव लिहिलेले नाही ना, हे सर्व्हर बंद करण्यापूर्वीच पाहून ठेवावे.