'पार्लर' म्हणजे दिवाणखाना नव्हे

प्रश्न असा आहे: 'ब्युटी पार्लर'मधल्या 'पार्लर'चा मूळ अर्थ काय, त्याला मराठी शब्द कोणता, आणि 'कम इनटू माय पार्लर' या इंग्रजी म्हणीशी त्याचा काही संबंध आहे का?

आधी 'म्हणी'चं बघू, कारण ती म्हण नाहीच. भाषणांत आणि अग्रलेखांत 'इंग्रजीत एक जुनी म्हण आहे' असं म्हणून हे वाक्य ठोकून देतात, तेव्हा एका लेखिकेचं नाव पुसलं जातं. ही मेरी हॉविट यांच्या 'द स्पायडर अँड द फ्लाय' या १८२९च्या बालकवितेची पहिली ओळ आहे, आणि तीही मोडकीतोडकी. मूळ ओळ अशी: 'विल यू वॉक इनटू माय पार्लर?' सेड द स्पायडर टू द फ्लाय. कोळी 'ये' असा हुकूम सोडत नाही, अदबीनं विचारतो. 'स्टेप इनटू माय पार्लर' हे दुसरं प्रचलित रूप कुठून आलं असावं, तेही कविता वाचली की कळतं. पुढे कोळी म्हणतो, माझ्या पार्लरच्या फळीवर छोटा आरसा आहे, क्षणभर आत पाऊल टाकलंस तर स्वतःला बघशील. तिथे 'स्टेप इन' आहे. लोकांनी दोन ओळी एकीत कोंबल्या. पार्लरमध्ये आरसा आहे, हे ब्युटी पार्लरबद्दल विचारणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

मराठी शब्दाचं थोडक्यात. दुकानाला 'पार्लर'च म्हणावं, ते रुळलं आहे: नपुंसकलिंगी, 'पार्लर उघडलं', 'पार्लरात'. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात दुकानांना घरंदाज वळण द्यायला हे नाव देऊ लागले, तसंच ते आपल्याकडे पोचलं. 'सौंदर्य प्रसाधनगृह' लिहू नये. आपल्या पाट्यांवर प्रसाधनगृहाचा अर्थ केव्हाच वेगळा झाला आहे.

कवितेतल्या पार्लरला मात्र 'दिवाणखाना' म्हणतात, ते मला अजिबात मान्य नाही. दिवाण हा फारसी दरबारचा शब्द, त्यात सत्ता आणि हिशेब आहे. पार्लर आलं ते 'पार्ले', म्हणजे बोलणे, या फ्रेंच क्रियापदावरून. ख्रिस्ती मठांत मौन पाळत. तिथे ज्या खोलीत बोलायची मुभा असे, ती ही खोली. 'पार्ले'च्या मागे लॅटिन 'पाराबोलारे' आणि त्याच्या मागे ग्रीक 'पाराबोले': शेजारी ठेवणं, तुलना, दृष्टांत. म्हणजे पार्लर, पार्लमेंट, पॅरोल (शब्द देऊन सुटणं) आणि पॅरेबल ही सगळी एकाच घरची. पोर्तुगीज 'पालाव्र', म्हणजे शब्द, हाही त्याच घरचा. गोव्याच्या वाचकांना हे नातं लगेच पटेल. पार्लर आणि दृष्टांत एका मुळाचे आहेत, आणि हॉविटबाईंनी या कवितेला उपशीर्षकच 'अ‍ॅपॉलॉग', म्हणजे बोधकथा, असं दिलं होतं!

आता माझं मत. या कवितेत पार्लर हा शब्द नुसता खोली म्हणून आलेला नाही. कोळी आधी जिन्यावरच्या गमतीजमती दाखवतो, मग मऊ बिछाना देऊ करतो, मग भरलेलं फडताळ. माशी तिन्ही वेळा ठाम नकार देते. चौथ्या खेपेला तो तिच्या झिरझिरीत पंखांचं आणि चमकत्या डोळ्यांचं कौतुक करून आरशाची गोष्ट काढतो, आणि तेव्हा पहिल्यांदाच ती 'नाही' न म्हणता 'पुन्हा कधी येईन' म्हणते. मग कोळी बारीक जाळं विणतो आणि पुन्हा तिच्या रंगरूपाची गाणी गातो. तिला तिथवर आणलं बोलण्यानं, जाळ्याचं काम त्यानंतरचं. शेवटच्या कडव्यात मुलांना दिलेली ताकीदही गोड, पोकळ शब्दांबद्दलच आहे. 'ही नेहमीची उपदेशपर कविता' असं म्हणणाऱ्या टीकाकारांनी माशीच्या या चार उत्तरांची उतरंड नीट पाहिलेलीच नाही.

बोलण्याची ही धास्ती कुठून आली, ते हॉविटबाईंच्या बालपणात सापडतं. १७९९मध्ये ग्लॉस्टरशरमधल्या कोलफर्डला जन्म, वाढल्या स्टॅफर्डशरमधल्या अटॉक्सिटरला, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या कडक घरात. क्वेकरांची उपासना म्हणजे एकत्र गप्प बसणं. घरही इतकं गप्प, की मेरी आणि थोरली बहीण अ‍ॅना बोलायला उशिरा शिकल्या आणि वस्तूंना स्वतःचीच नावं देऊ लागल्या. आत्मचरित्रात त्यांनी ती नोंदवली आहेत: शिंक म्हणजे 'अकिशम', रोमन आकडे म्हणजे 'इक्लिमिक्लिडिक्टाइन्स', तिरप्या टाइपातली अक्षरं म्हणजे 'सॉफ्टली रायटिंग'. तिरपं अक्षर म्हणजे हळू आवाजातलं लिहिणं! कुठल्याही कोशकारानं हेवा करावा अशी ही व्याख्या आहे.

मराठीत ही कविता आणायची तर लिंगं आयती जुळतात, तो कोळी आणि ती माशी. पण 'कोळी आणि माशी' म्हटलं की किनाऱ्यावरच्या मुलाला होडी आणि मासळी आठवते, म्हणून पहिल्याच कडव्यात जाळं भिंतीच्या कोपऱ्यात टांगावं. पार्लरला 'ओसरी' चालणार नाही, ती उघडी असते. 'माडी' जिन्याला शोभते, पण माडी चढण्याचा मराठीतला अर्थ मुलांच्या कवितेत नको. 'बैठकीची खोली' बरी.

अनुवादक म्हणून तर या बाईंचं नाव फारच मागे पडलं आहे. १८४०मध्ये नवऱ्यासह त्या हायडेलबर्गला राहायला गेल्या, स्वीडिश आणि डॅनिश शिकल्या. फ्रेड्रिका ब्रेमर या स्वीडिश कादंबरीकार त्यांनीच इंग्रजीत आणल्या, आणि १८४६मध्ये हान्स ख्रिश्चन अँडरसन या डॅनिश कथाकाराच्या दहा परीकथांचं 'वंडरफुल स्टोरीज फॉर चिल्ड्रन' हे पुस्तक काढलं. अँडरसनच्या परीकथांचं इंग्रजीतलं ते पहिलं पुस्तक. त्यात चुका आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. अंगठ्याएवढ्या मुलीच्या मूळ डॅनिश गोष्टीत मूल हवं असलेली बाई चेटकिणीकडे जाते. इथे ते काढून एक भिकारीण शेतकऱ्याच्या बायकोला दूध-पावाच्या बदल्यात सातूचा दाणा देते. मुलीचं 'टॉमेलिसे' हे डॅनिश नाव मात्र तसंच ठेवलं, ते उत्तम केलं.

'उडती पेटी' या गोष्टीचं काय झालं ते जास्त बोलकं आहे. व्यापाऱ्याचा मुलगा, तुर्की राजकन्या, खुद्द पेटी, सगळं गाळलं आणि मधला तुकडा तेवढा 'अ नाइट इन द किचन' या नावानं छापला. डॅनिशचे अभ्यासक याला मोडतोड म्हणतात. असेल. पण तो तुकडा कुठला? आगकाड्या, लोखंडी भांडं आणि ताटल्या रात्री स्वयंपाकघरात गप्पा मारत बसतात, तो. अख्ख्या कथेतून मेरी हॉविट यांनी नेमकी बोलण्याची खोली उचलली.